शहराची थोडक्यात ओळख: थेसालोनिकीच्या निमित्ताने



आजचा विषय दिसायला अगदी साधा आहे. एखाद्या देशाची किंवा शहराची थोडक्यात ओळख करून देणारं लेखन आपण सगळेच वाचतो. कोशातली नोंद असते, सहलीचं माहितीपत्रक असतं, रविवारच्या पुरवणीतला लेख असतो, आता तर दहा मिनिटांच्या चित्रफितीही असतात. भूगोल, मग इतिहास, मग प्रेक्षणीय स्थळं, मग खाणंपिणं, शेवटी हवामान. या लेखनाची समीक्षा सहसा कुणी करत नाही. कवितेची करतात, कादंबरीची करतात, पण 'शहराची ओळख' ही माहिती आहे, तिची समीक्षा काय करायची, असा समज आहे. हा समज तपासून बघावा, असं आम्हाला वाटतं.

पहिल्यांदा या प्रकाराच्या बाजूनं बोलू. मराठी माणसाला जग मराठीत कळावं, ही भूक जुनी आहे आणि चांगली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 च्या दशकात ज्ञानकोशाचे खंड काढले. पुढे वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. कधी गावाबाहेर न गेलेल्या माणसालाही शाळेच्या वाचनालयात बसून दूरच्या देशांच्या नोंदी वाचता आल्या. हे काम मोठंच आहे. तेव्हा थोडक्यात लिहिणं हाच दोष आहे, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. थोडक्यात लिहिताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर, एवढाच आमचा प्रश्न आहे.

असा प्रश्न हवेत विचारून भागत नाही. त्यासाठी एक शहर समोर घेऊ. ग्रीसच्या उत्तरेला, एजियन समुद्राच्या काठावर थेसालोनिकी नावाचं शहर आहे. ग्रीसमधलं अथेन्सनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं. जुन्या पुस्तकांत त्याला सालोनिका म्हणतात, तुर्की लोक सेलानिक म्हणतात, शेजारचे स्लाव सोलून म्हणतात. एकाच शहराला एवढी नावं असली की समजावं, इथं पाणी खोल आहे.

आता या शहराची नेहमीच्या साच्यातली ओळख कशी असते बघा. आम्ही कुणा एका लेखकाचं वाक्य उचलत नाही, साचाच सांगतो. इसवी सनापूर्वी 315 च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा कॅसँडर यानं शहर वसवलं आणि त्याला आपल्या पत्नीचं, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं नाव दिलं. पुढे रोमन आले. संत पॉलनं इथल्या ख्रिस्ती मंडळींना पत्रं लिहिली. सम्राट गॅलेरियसची कमान आणि रोटुंडा ही गोल इमारत आजही उभी आहे. मग बायझँटाइन काळ, त्या काळातली सुंदर चर्चं, ज्यांना 1988 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. 1430 मध्ये उस्मानी तुर्कांनी शहर घेतलं. 1912 मध्ये ते ग्रीसमध्ये आलं. 1917 मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर शहराची आधुनिक रचना झाली. दुसऱ्या महायुद्धात शहराला झळ पोचली. आज हे विद्यापीठाचं, तरुणांचं, उत्तम खाण्याचं शहर आहे, आणि अर्थातच 'अनेक संस्कृतींचा संगम' आहे.

यातलं एकही विधान खोटं नाही. हीच तर अडचण आहे. खोटं असतं तर दुरुस्त करून मोकळं होता आलं असतं.

आता याच शहराबद्दल दुसऱ्या काही गोष्टी ऐका. 1492 साली स्पेनच्या राजाराणीनं फर्मान काढलं की ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं, नाहीतर देश सोडावा. हजारो कुटुंबं बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळशी उस्मानी राज्यात आली. सालोनिकात त्यांना जागा मिळाली. थोड्याच दशकांत ज्यू हा शहरातला सगळ्यात मोठा समाज झाला आणि पुढची जवळजवळ चारशे वर्षं तसाच राहिला. बरं, हे लोक केवळ सावकार, व्यापारी नव्हते. बंदरातले हमाल, कोळी, विणकर, छापखान्यातले कामगार, सगळे होते. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून शनिवारी बंदर बंद असायचं. सगळ्या बंदराचा आठवडा हमालांच्या धर्मावर चालतो, असं बंदर शोधूनही दुसरं सापडणं कठीण.

आणि घरात बोलत काय होते? ग्रीक नाही, तुर्की नाही. लादिनो बोलत होते, म्हणजे पंधराव्या शतकातली स्पॅनिश. ज्या देशानं हाकललं त्याचीच भाषा चारशे वर्षं जपली. आपल्याला यात नवल वाटू नये. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायल आपल्याकडून कुणी हाकलल्यामुळे गेले नाहीत, आपल्या मर्जीनं गेले; पण इस्रायलला जाताना त्यांनीही मराठी बरोबर नेलीच. भाषा सामानात मावते. घर मावत नाही.

ग्रीसनं शहर घेतल्यावर 1913 मध्ये शिरगणती केली. एकूण लोक सुमारे 1 लाख 58 हजार. त्यांत ज्यू 61 हजारांच्या वर, मुसलमान सुमारे 46 हजार आणि ग्रीक सुमारे 40 हजार. म्हणजे ज्या दिवशी शहर 'ग्रीसमध्ये आलं', त्या दिवशी ग्रीक तिथं तिसऱ्या क्रमांकावर होते. हा एक आकडा नेहमीच्या ओळखीत घालून बघा. तेवढ्यानं सगळी ओळख हलते. 'ग्रीसमध्ये आलं' या साध्या वाक्याला लगेच प्रश्न चिकटतो: मग बाकीचे गेले कुठं?

ते कुठं गेले, तेही सांगतो. आग लागली ती ऑगस्ट 1917 मध्ये. 70 हजारांहून अधिक माणसं बेघर झाली, त्यांत बहुसंख्य ज्यू होती. सरकारनं जळलेल्या भागातल्या जमिनी ताब्यात घेतल्या, एर्नेस्ट एब्रार या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली नवा आराखडा झाला. रुंद रस्ते आले, समुद्राकडे उघडणारा चौक आला. ज्यांची घरं तिथं होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिथं परत येता आलं नाही. 'त्यानंतर शहराची आधुनिक रचना झाली' या वाक्याच्या पोटात एवढं आहे.

मग 1923. लोझानच्या कराराप्रमाणे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. तुर्कस्तानातून सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यांतले पुष्कळसे करार होण्याआधीच जीव मुठीत धरून पळून आले होते. ग्रीसमधून साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. त्यामुळे झालं काय, की फक्त तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'ग्रीक' म्हणून इकडे आले आणि फक्त ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान 'तुर्क' म्हणून तिकडे गेले. दोघांनाही 'मायदेशी' पाठवलं, आणि दोघांनाही तिथली भाषा येत नव्हती! थेसालोनिकीतले मुसलमान गेले. त्यांच्या घरांत निर्वासित आले. शहरातले जवळजवळ सगळे मिनार पाडले गेले. रोटुंडाशेजारचा एक तेवढा उरला.

हे प्रकरण मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1940 साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' लिहिलं, त्यात अल्पसंख्याकांच्या प्रश्नाचा विचार करताना ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांच्यातल्या याच अदलाबदलीचा दाखला त्यांनी दिला आहे. त्यांच्या मताशी सहमत व्हायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. पण त्यांनी दूरच्या देशाकडे प्रेक्षणीय स्थळ म्हणून बघितलं नाही. तिथं माणसांचं काय झालं आणि त्यातून आपल्याला काय ठरवायचं आहे, असं बघितलं. देशाची ओळख करून घेण्याची ही एक रीत आहे, आणि ती आपल्याकडे होती, हे लक्षात ठेवू या.

शेवटी 1943. जर्मन सैन्य एप्रिल 1941 मध्ये शहरात आलं होतं. 15 मार्च 1943 ला पहिली आगगाडी ऑशविट्झला निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे 46 हजार माणसं थेसालोनिकीहून नेली गेली आणि त्यांतल्या बहुतेकांना पोचल्या पोचल्या मारण्यात आलं. युद्ध संपलं तेव्हा शहरात दोन हजारांपेक्षाही कमी ज्यू उरले होते. ज्या भाषेनं चारशे वर्षं बंदर चालवलं, ती भाषा पाच महिन्यांत रस्त्यावरून नाहीशी झाली. 'दुसऱ्या महायुद्धात शहराला झळ पोचली.' झळ! मराठीत या शब्दाचा एवढा वाईट उपयोग क्वचितच झाला असेल.

आता समीक्षेकडे येऊ. नेहमीच्या साच्यात आम्हाला तीन दोष दिसतात.

पहिला दोष व्याकरणाचा आहे. या लेखनातली क्रियापदं बघा: आलं, गेलं, झालं, बदललं, पोचली. कर्ता नाही. राजवटी पावसासारख्या येतात आणि जातात. लोकसंख्या आपली आपणच बदलते. मराठीत कर्मणी प्रयोग आहे, भावे प्रयोग आहे, त्यांना आमची हरकत नाही. पण ज्याला कर्ता आहे अशी गोष्ट कर्त्यावाचून सांगायची, ही निवड असते. पाऊस पडतो, ते ठीक. मिनार पडत नाहीत, पाडले जातात, आणि पाडणारे कुणीतरी असतात.

दुसरा दोष 'संगम' या शब्दाचा. आपल्याकडे हा शब्द पवित्र आहे. दोन नद्या मिळतात, पुढे एक होऊन वाहतात, काही हरवत नाही, अशी आपली भावना असते. थेसालोनिकीत तसं झालं का? तिथं तीन समाज शेजारी राहिले, एकमेकांशी व्यवहार केले, भांडले, सणावारी एकमेकांकडे गेलेही असतील. पण मग त्यांतले दोन काढून टाकण्यात आले. जे उरलं त्याला संगम म्हणायचं, तर आटलेल्या नदीच्या पात्रालाही संगम म्हणावं लागेल. गेलेल्यांचे पदार्थ खाद्यपदार्थांच्या यादीत ठेवायचे आणि माणसं इतिहासातून गाळायची, हा संगम नव्हे.

तिसरा दोष तत्त्वज्ञानाचा आहे, आणि इथं आम्हाला थोडं आमच्या विषयात शिरू द्या. ही ओळख असं गृहीत धरते की कॅसँडरचं शहर, पॉलचं शहर, उस्मानी शहर आणि आजचं शहर हे सगळं 'एकच' शहर आहे, आणि त्याच्या आयुष्यात या घटना घडल्या. पण एकच कशावरून?

हा प्रश्न ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विचारला आहे. तो विचारतो, नगर तेच आहे असं आपण कधी म्हणतो? जागा तीच म्हणून? तेवढं पुरत नाही. उद्या सगळ्या पेलोपोनीसभोवती भिंत बांधली, म्हणून त्याचं एक नगर होणार नाही. मग माणसं त्याच वंशाची म्हणून? नदीचं पाणी बदलतं तरी आपण नदी तीच म्हणतो, तसं? यावर त्याचं उत्तर असं की नगर म्हणजे नागरिकांची एका राज्यव्यवस्थेतली भागीदारी आहे. ती व्यवस्था जातीनंच बदलली, तर माणसं तीच असली तरी नगर वेगळं झालं. गाणारे तेच असले, तरी शोकनाट्यातला गायकवृंद वेगळा आणि विनोदी नाटकातला वेगळा, तसं.

या उत्तरात एक मेख आहे. त्या प्रकरणाची सुरुवात देण्याघेण्याच्या प्रश्नापासून होते. जुलमी राजा गेला, लोकशाही आली, तर जुन्या राजवटीनं केलेले करार नव्या नगरानं पाळायचे का? काही लोक म्हणत, ते कर्ज राजाचं होतं, आमचं नाही. आणि प्रकरणाच्या शेवटी ॲरिस्टॉटल म्हणतो की नगर तेच की वेगळं हे तर सांगितलं, पण देणी फेडायची की नाही हा निराळा प्रश्न. तो तिथंच सोडून तो पुढे जातो. आम्ही बरीच वर्षं हा भाग शिकवला. विद्यार्थी नेहमी विचारत, सर, त्याचं उत्तर काय? उत्तर त्या प्रकरणात नाही. ते आपल्याला द्यायचं आहे.

आणि थेसालोनिकीत हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. ॲरिस्टॉटल जन्मला ते स्तागिरा गाव थेसालोनिकीच्या पूर्वेला, फार दूर नाही. त्यानं हे शहर पाहिलेलं नाही; ते वसलं त्याच्या आधीच तो वारला होता. पण आज शहरातल्या मुख्य चौकाला त्याचं नाव आहे आणि विद्यापीठालाही त्याचंच नाव आहे. आता हे विद्यापीठ कुठं उभं आहे? जुन्या ज्यू दफनभूमीवर. लाखो थडग्यांची ती भूमी होती, युरोपातल्या मोठ्या ज्यू दफनभूमींपैकी एक. डिसेंबर 1942 मध्ये, जर्मन अंमलाखाली, पण शहराच्या पालिकेनं लावलेल्या मजुरांच्या हातून ती उद्ध्वस्त झाली. थडग्यांचे दगड बांधकामाला गेले. पायऱ्यांना, भिंतींना, फरसबंदीला लागले. युद्धानंतर त्या जागेवर विद्यापीठ वाढत गेलं. तिथं त्याची आठवण म्हणून स्मारक उभं राहायला 2014 साल उजाडलं.

म्हणजे बघा: नगर बदललं तरी देणं उरतं का, हा प्रश्न ज्यानं विचारून अर्धा सोडला, त्याच्याच नावाचं विद्यापीठ न फेडलेल्या देण्यावर उभं आहे. शहराची थोडक्यात ओळख लिहिणाऱ्याला यापेक्षा थोडक्यात आणि यापेक्षा नेमकं काय मिळणार? पण नेहमीच्या साच्यात विद्यापीठ येतं ते 'तरुणांचं शहर' म्हणून.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप: जागा कुठं आहे? पाचशे शब्दांत किती घालणार? आमचं म्हणणं, जागा आहे. कॅसँडरच्या पत्नीचं नातं सांगायला जागा आहे, कमानीची लांबीरुंदी सांगायला जागा आहे, समुद्रकाठच्या पांढऱ्या मनोऱ्यावरून दृश्य कसं दिसतं हे सांगायला जागा आहे. 1913 च्या शिरगणतीला एक ओळ पुरते. जे गाळलं जातं ते जागेअभावी नाही, सवयीनं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असं लिहिलं की ओळख म्हणजे आरोपपत्र होतं. आजच्या थेसालोनिकीकरांनी काय केलं? त्यांतल्या कित्येकांचे आजीआजोबा स्वतःच 1922-23 मध्ये स्मर्ना किंवा ट्रेबिझोंडकडून सगळं सोडून आलेले निर्वासित. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच ते लिहायला हवं. ज्यांची घरं गेली ते दुसऱ्यांच्या गेलेल्या घरांत राहायला आले, हे लिहिलं तर कुणावर आरोप होत नाही. उलट आजच्या माणसाचं दुःखही ओळखीत येतं. साचेबंद लेखनात गेलेल्या ज्यूंना जागा नाही, गेलेल्या मुसलमानांना नाही, आणि आलेल्या ग्रीक निर्वासितांनाही नाही. ते सगळ्यांवर सारखाच अन्याय करतं, तेही हसतमुखानं.

उलट टोकही टाळायला हवं. मार्क माझोवर यांचं 'सालोनिका, सिटी ऑफ घोस्ट्स' हे 2004 चं पुस्तक या शहरावरचं फार चांगलं पुस्तक आहे. ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू या तिघांचा इतिहास ते एकत्र सांगतं. पण ते वाचून काही जण नुसती हळहळ लिहायला लागतात. जुनं शहर म्हणजे जणू रामराज्य, सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते, आणि मग आधुनिक राष्ट्र आलं आणि सगळं बिघडलं. तेही खरं नाही. उस्मानी शहरात दर्जाची उतरंड होती, मुसलमान वर आणि बाकीचे खाली होते, वस्त्या वेगळ्या होत्या. गेलेल्यांना न्याय द्यायचा तर त्यांना देवघरात बसवून चालणार नाही.

मग ओळख लिहावी कशी? आम्ही नियम सांगत नाही, चार प्रश्न सांगतो. शहराविषयी काहीही वाचताना किंवा लिहिताना ते विचारून बघा. या शहरात शंभर वर्षांपूर्वी कोण राहत होतं, आणि कोणत्या भाषेत बाजार चालत होता? ते आज तिथं नसतील तर कुणी, केव्हा आणि कसं घालवलं? आज आहेत ते कुठून आले? आणि जुन्या वस्तू, इमारती, जमिनी आज कुणाच्या कामाला येतात?

हे चार प्रश्न विचारून थेसालोनिकीची ओळख लिहायची झाली, तर ती काहीशी अशी होईल:

'थेसालोनिकी हे उत्तर ग्रीसमधलं बंदर, सुमारे तेवीसशे वर्षं वसतं आहे. रोमन, बायझँटाइन आणि उस्मानी राज्यांत ते महत्त्वाचं होतं. 1492 नंतर स्पेनमधून हाकललेले ज्यू इथं आले आणि चार शतकं शहरातला सगळ्यात मोठा समाज होऊन राहिले. 1912 मध्ये ग्रीक सैन्यानं शहर घेतलं तेव्हा ज्यू आणि मुसलमान हे दोन्ही समाज ग्रीकांपेक्षा संख्येनं जास्त होते. 1923 च्या करारानं मुसलमानांना तुर्कस्तानात पाठवलं आणि तिथून आलेल्या ग्रीक निर्वासितांनी शहर भरलं. 1943 मध्ये जर्मनांनी जवळजवळ सगळ्या ज्यूंना ऑशविट्झला नेऊन मारलं. विद्यापीठ त्यांच्या दफनभूमीवर आहे. रोटुंडा मुळात रोमन, मग चर्च, मग मशीद, आता स्मारक आहे. तिच्या शेजारी शहरातला एकमेव उरलेला मिनार दिसतो. मुस्तफा केमाल अतातुर्क 1881 साली इथंच जन्मले; ते घर आज संग्रहालय आहे. समुद्रकाठी फिरायला आणि खायला लोक दुरून येतात.'

अकराच वाक्यं आहेत. खाणंही आलं, फिरणंही आलं, वारसाही आला. सहलीला जाणाऱ्याचा विरस होईल, असं यात आम्हाला काही दिसत नाही. उलट तो विद्यापीठाच्या आवारातून जाईल तेव्हा क्षणभर थांबेल. रोटुंडापाशी उभा राहिला की नुसतं छायाचित्र काढून निघणार नाही, मान वर करून त्या मिनाराकडे बघेल आणि बाकीचे कुठं गेले, असं मनात म्हणेल. एवढं झालं तरी ओळख झाली, असं म्हणता येईल.

ओळख हा मराठी शब्द मोठा चांगला आहे. माहिती दुरून मिळते, ओळख समोरासमोर होते. ज्याची ओळख झाली त्याला आपण पुढे रस्त्यात टाळू शकत नाही, नमस्कार करावा लागतो, विचारपूस करावी लागते. शहराच्या बाबतीतही तेवढंच अपेक्षित आहे.

पुढच्या व्याख्यानापर्यंत एक काम करा. तुमच्या आवडत्या कुठल्याही शहराची कोशातली नोंद काढा आणि हे चार प्रश्न तिला विचारा. किती प्रश्नांना उत्तर मिळालं, ते कळवा. त्यावर आपण बोलू.